दोन्ही कोंबडे शाबूत

आपला नवरा बारेंद झाडावर चढला होता, हे मारिंडाला त्याच्याकडून कळलंच नाही. कापरिवीच्या रानातून परतल्यावर त्याने एवढंच सांगितलं की रानरेडा जरा अंगावर आला, रायफलचा खटका जरा अडकला, आणि मग तो जरा बाजूला झाला. एवढं बोलून त्याने पुन्हा मटण वाढून घेतलं.

खरं काय ते हाऊफिकूने सांगितलं. हाऊफिकू माग काढणारा. बारेंदच्या बापाबरोबर रान तुडवलेला माणूस, त्यामुळे या घरात तो कुणाचीच भीड ठेवत नसे.

"बाजूला?" कॉफीचा कप खाली ठेवत तो म्हणाला. "बाजूला नाही गं पोरी, वर! एवढं धूड, पण खारीसारखा गेला. मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी आधीच वर होतो. याचं टाळकं माझ्या बुटावर आपटलं."

"आणि रायफल?"

"रायफल खाली. रेडा तिच्यावर उभा. मग त्याने शिंगं घासून घेतली झाडावर, सावकाश, आंघोळ केल्यासारखी. आम्ही वरून बघतोय."

मारिंडा हसली, कारण हाऊफिकू डोळे गरगर फिरवून सांगत होता. मग ती उठून आत गेली आणि पाळण्यावर वाकून मिंकीचा श्वास चालू आहे ना ते बघितलं. मिंकी अजून वर्षाची व्हायची होती. जगात कुठेही काहीही झालं की मारिंडा आधी मिंकीचा श्वास बघायची. गॅस बंद आहे का, बुटात विंचू आहे का, खिडकीची जाळी फाटली आहे का, हे सगळं ती रोज बघायचीच. पण श्वास ही शेवटची खात्री.

पाळण्याजवळ उभी असताना तिच्या मनात एकच विचार आला. या खेपेला झाड होतं. पुढच्या मोसमात बारेंद पाहुण्या शिकाऱ्यांना घेऊन नदीकाठच्या गवताळ पाणथळीत जाणार होता. ती जागा तिने लग्नानंतर एकदा पाहिली होती. नजर पोचेल तिथवर गवत, पाणी, रेडे. झाड औषधाला नाही.

"तुला दुनळी पाहिजे," तिने रात्री जेवताना जाहीर केलं.

"मला ना, कॉफी पाहिजे," बारेंद म्हणाला.

"दुनळी रायफल. मोठ्या तोंडाची, रेडा-हत्तीसाठी असते ती. तुझ्या एकनळीत एक गोळी गेली की खटका मागे ओढा, पुढे ढकला, तो अडकला की झाड शोधा. दुनळीत दोन नळ्या, दोन चाप. पहिली चुकली तर दुसरी तयार. मध्ये अडकायला काही नाहीच."

"अगं, ती दुनळी काय बाजारात बटाट्यांशेजारी मिळते? चांगल्या म्हणजे इंग्लिश. आजोबांच्या काळातल्या. ज्याच्याकडे आहे तो मेल्याशिवाय सोडत नाही."

"मग कोण मेलंय ते बघते," मारिंडा म्हणाली.

तिने खरोखरच बघितलं. इतर आया मुलीला पाजताना बाळांच्या कपड्यांची चित्रं बघत. मारिंडा रायफलींची बघायची. कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकली होती, आणि जात-पोटजात लावायची सवय हाडात मुरली होती. कुठल्या नळीची लांबी किती, कुठल्या काडतुसाचा धक्का खांद्याला कितपत बसतो, कुठल्या काळापर्यंत बंदुकीचे घोडे बाहेर असत आणि केव्हापासून आत लपवायला लागले, हे तिला मिंकीच्या लसींसारखं तोंडपाठ झालं. मिंकी रडायला लागली की ती झोके देत काडतुसांची मापं कुजबुजायची, "चारशे सत्तर, पाचशे, सहाशे," आणि मिंकी झोपायची.

शोध मात्र काही केल्या लागेना. विंडहुकच्या एका दातांच्या डॉक्टरकडे दुनळी होती; पण ती तो फक्त वाढदिवसाला काचेच्या पेटीतून बाहेर काढायचा, आणि विकायचं नाव काढताच त्याने मारिंडाच्या अक्कलदाढेबद्दल बोलायला सुरुवात केली. ग्रूटफोंटेनच्या एका दुकानदाराने एक दाखवली, स्वस्त, अगदी संशय यावा इतकी. बारेंदने ती उडवून पाहिली. डावी गोळी लागली कागदी निशाणाला. उजवी लागली दुकानदाराच्या पाण्याच्या टाकीला. दुनळीचं सगळं कसब यातच असतं: दोन नळ्या दोन बहिणींसारख्या शेजारी-शेजारी, पण बोलायचं एकच. या दोघींचं भांडण होतं.

"एकाच वेळी दोन रेडे आले तर बरी आहे," हाऊफिकू म्हणाला. दुकानदार टाकीच्या भोकात बोट घालून उभा होता.

मोसम जवळ येत चालला आणि मारिंडाची झोप दूर जात चालली. अशात एके दिवशी आउट्योच्या सहकारी दुकानात कोंबड्यांचं खाद्य घ्यायला गेली असताना तिला फळ्यावर एक चिठ्ठी दिसली. म्हातारं, तिरपं अक्षर.

*विकणे आहे. कै. सारेलची इंग्लिश जोडी. वय झालंय पण दमदार. दोन्ही कोंबडे शाबूत. चांगल्या घरीच देणार. टान्नी खेसीना, कामान्याबपलीकडे.*

मारिंडाच्या हातातली पिशवी गळून पडली आणि दुकानभर मका झाला.

सारेल म्हणजे ऊम सारेल, सारेलकाका! आणि टान्नी, म्हणजे काकू, ती त्याची बायको. हत्तींच्या शिकारीतलं केवढं नाव. त्याच्याकडे लंडनची दुनळी होती हे या भागातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि या मुलखातल्या शेतकऱ्यांच्या भाषेत बंदुकीच्या घोड्याला 'हान' म्हणतात. हान म्हणजे कोंबडा. का म्हणतात ते विचारू नये. आपण घोडा म्हणतो, त्याला तरी काय अर्थ आहे? जोडी म्हणजे दोन नळ्या, दोन्ही कोंबडे शाबूत म्हणजे दोन्ही घोडे जागेवर. मारिंडाने चिठ्ठी कुणाला दिसू नये म्हणून तिच्यावर ट्रॅक्टरच्या टायरची जाहिरात चिकटवली आणि गाडीत बसूनच फोन लावला.

"कोण?" पलीकडून आवाज आला. ज्याला स्वतःला कमी ऐकू येतं तो माणूस बोलतो तसा, मोठ्ठा.

"टान्नी, मी मारिंडा. स्टीनकाम्पांची सून. ती इंग्लिश जोडी अजून आहे का?"

"आहे! पण चांगलं घर पाहिजे!"

"आमचं फार चांगलं आहे. टान्नी, दोन्ही कोंबडे ठीक आहेत ना?"

"ठीक? एक जरा जास्तच ठीक आहे. हात लावायची खोटी!"

"म्हणजे... हात लावताच?"

"हात कशाला, नुसतं बघितलं तरी!"

"आणि दुसरा?"

"दुसरा आळशी. दिवसभर काही नाही. पण पहाट व्हायच्या कितीतरी आधी तोच पहिला सुरू होतो."

"आपोआप?"

"मग काय, मी उठून सांगायला जाणार? आणि एकदा तो सुरू झाला की हाही लागोपाठ. रविवारी प्रवचन चालू असताना तर हटकून!"

मारिंडाने मागच्या सीटवरच्या मिंकीकडे बघितलं. मिंकी मका खात होती. तो तिच्या तोंडातून बोटाने काढत तिने विचारलं, "टान्नी, कुणाला... लागलंबिगलं नाही ना?"

"माझी पोटरी. आणि पोस्टमन, दोनदा."

"पोस्टमन!"

"मेला नाही गं! पळाला."

"नळ्या स्वच्छ आहेत?"

"गळे? गळे खणखणीत! पार दुसऱ्या शेतावर ऐकू जातं."

"आणि निगा कशी राखायची?"

"पावसात भिजू द्यायचं नाही, भिजले की बिघडतात. थंडीत वरून थोडं व्हॅसलीन चोळायचं. रात्री गोणपाट टाकून झाकायचं. अंधार असला की गप्प असतात. सारेल तर व्हरांड्यात मांडीवर घेऊन बसायचा, संध्याकाळी." म्हातारीचा आवाज एकदम खाली आला. "तो गेल्यापासून कुणाचंच ऐकत नाहीत."

घरी आल्यावर मारिंडाने सगळं सांगितलं तेव्हा बारेंद खुर्चीत मागे रेलून हसला. "आपोआप उडते? मग मी लागतो कशाला? तिलाच एकटीला पाठवू रेड्यावर."

"हसू नकोस. जुन्या बंदुकांचे घोडे झिजतात, हलके होतात. दुरुस्त होतात ते. पण आणताना काळजी घ्यायला हवी."

तिची काळजी म्हणजे काय, ते शनिवारी निघताना दिसलं. गाडीच्या मागच्या हौद्यात पाहुण्यांच्या खोलीतली गादी, गादीवर दुसरी गादी, दोरखंड, गोणपाट आणि व्हॅसलीनचा डबा. बंदुकीचं तोंड मागे राहील, मागून येणाऱ्या गाडीला हात दाखवून लांब ठेवायचं, आणि मिंकीच्या कानांवर लोकरी टोपी, असं ठरलं. बारेंदने वाद घातला नाही. कारण डब्यात कॉफीत भिजवून खायचे कडक टोस्ट होते, सुकवलेलं मटण होतं, आणि खरं म्हणजे ऊम सारेलच्या रायफलीचं नाव ऐकल्यापासून तोही रात्री नीट झोपला नव्हता.

कामान्याबपलीकडे खडीचा रस्ता संपल्यावर एक पवनचक्की, एक टाकी आणि पत्र्याचं घर. टान्नी खेसीना दारातच उभी होती. काटकुळी, रबरी बूट, डोक्यावर नवऱ्याची हॅट. तिने आधी बारेंदला बघितलं, वरपासून खालपर्यंत, आणि त्याला वेळही लागला, कारण बारेंद खाली-वर बराच पसरलेला होता.

"तू घेणार?"

"हो टान्नी."

"कुठे ठेवणार?"

"लोखंडी कपाट आहे, टान्नी. जाड पत्र्याचं. दोन कुलपं." बारेंदने अभिमानाने सांगितलं.

"कपाटात!" टान्नी मारिंडाकडे वळली. "आणि हवा?"

"हवा लागू द्यायची नाही, टान्नी. दमट हवा तर मुळीच नाही," मारिंडा म्हणाली.

"बाहेर कधी काढणार?"

"मोसमात. एरवी नाही."

टान्नीने दाराची चौकट धरली. "साफसफाई तरी?"

"ती मात्र अगदी मन लावून," बारेंद म्हणाला. या विषयावर तो कुणालाही तासभर बोलू शकला असता. "एक लांब काठी घ्यायची, तिला चिंधी गुंडाळायची, तेलात बुडवायची, आणि मागून घालून पार पुढच्या तोंडातून बाहेर काढायची. दोन-तीनदा. चिंधी पांढरी येईपर्यंत."

टान्नी खेसीना पायरीवर बसली.

"सारेलने," ती म्हणाली, "असं कधी, कधीसुद्धा केलं नाही."

"म्हणूनच बिघडले असतील कोंबडे," बारेंद समजुतीने म्हणाला. "एकदा माझ्या हातात द्या तर खरं."

मारिंडाला पहिल्यांदा शंका आली ती इथे. टान्नीच्या चेहऱ्यावर जे होतं ते बंदुकीबद्दल बोलताना कुणाच्या चेहऱ्यावर नसतं. आणि घराच्या मागून एक आवाज आला. खणखणीत. पार दुसऱ्या शेतावर जाईल असा.

"टान्नी," मारिंडा सावकाश म्हणाली, "तुम्ही विकताय काय?"

"सांगितलं ना! कोंबडे! सारेलचे इंग्लिश कोंबडे! लॉर्ड आणि मेजर!"

आपलं नाव ऐकून दोघे घराच्या कोपऱ्यावरून आले. सोनेरी, गलेलठ्ठ, पायांवर पिसांच्या विजारी. मेजर चालत येत होता. लॉर्ड चालत नव्हता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी जगात फक्त मारिंडाला ठाऊक होती. बारेंद स्टीनकाम्प रेडा, हत्ती, सिंह यांच्यापुढे उभा राहायचा, पण लहानपणी आजीच्या अंगणात एका टर्कीने त्याला तारेच्या कुंपणापर्यंत पळवलं होतं, आणि तेव्हापासून जे काही दोन पायांवर चालतं आणि ज्याला चोच आहे, त्याच्यापासून तो लांब असे. घरची अंडी काढायला कायम मारिंडाच जायची. तो म्हणायचा, ते बायकांचं काम.

लॉर्ड आला. बारेंदने एक पाऊल मागे घेतलं, मग दुसरं, आणि तिसरं पाऊल पवनचक्कीच्या शिडीवर पडलं. त्यापुढची पावलं दिसलीच नाहीत. हाऊफिकू खोटं बोलत नव्हता. एवढा मोठा माणूस, पण खारीसारखा गेला. वर चक्कीच्या पात्याखाली जाऊन तो थांबला आणि दोन्ही हातांनी लोखंड धरून खाली बघायला लागला. लॉर्ड खालच्या पायरीवर उडी मारून बसला. पोचायला उशीर झाला म्हणून मेजर नुसताच आरवला.

"पाठ फिरवू नकोस त्याला!" टान्नी ओरडली. "पाठ दिसली की येतो तो! उभं राहायचं, डोळ्यात बघायचं!"

"आता काय उपयोग, टान्नी?" वरून आवाज आला.

आणि टान्नी खेसीना हसायला लागली. आधी नाकातून, मग खांद्यांनी, मग सगळीच. हॅट पडली. मारिंडाने एका हाताने मिंकीला आणि दुसऱ्याने तिला सावरलं. मिंकीने खाली बोट दाखवून कधी नव्हे तो एक स्वच्छ शब्द काढला, "हान!"

"सारेल गेल्यापासून," डोळे पुसत टान्नी म्हणाली, "मी हसले नव्हते गं. चला, कॉफी घ्या. त्याला राहू दे वर. लॉर्डला कंटाळा आला की उतरेल."

स्वयंपाकघरात मारिंडाने कबूल केलं की आपल्याला कोंबडे नको होते, रायफल हवी होती. का हवी तेही सांगितलं. झाड, रेडा, अडकलेला खटका, आणि आता ते गवत, जिथे झाडच नाही. "मी येडी आहे, टान्नी. सगळे म्हणतात. मी रात्री उठून दोघांचा श्वास बघते. पण तो तिकडे असला की कुणाचा बघू?"

टान्नीने कॉफीत टोस्ट बुडवला. "रायफलीसाठी पुष्कळ आले. हे बडे बडे. टोपीला पीस लावलेले. सगळ्यांना मी एकच विचारायची, भीती वाटते का रे? सगळे म्हणायचे, छे, कसली भीती! मग मी म्हणायची, रायफल विकायची नाहीये. सारेल तसाच होता. हत्ती, रेडे, सगळ्यांतून धडधाकट परत आला. शेवटी त्या पवनचक्कीवरून पडला. का? तर शिडी धरायला मला हाक मारली नाही. हाक मारली तर भ्याला असं दिसलं असतं ना!" तिने खिडकीतून वर बघितलं. "तुझा हा मात्र भितो."

"कोंबड्यांना," मारिंडा म्हणाली. खोटं बोलणं तिला जमेना.

"कुठून तरी सुरुवात झाली आहे."

तिने आतल्या खोलीत नेलं. कपाटाखाली लंडनची कातडी पेटी होती, पितळी कोपऱ्यांची, आत मऊ लाल मखमल. मखमलीवर एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिने मारिंडाकडे असं बघितलं की मारिंडाने माफी मागितली.

"ती उठेपर्यंत पेटी मिळायची नाही," टान्नी म्हणाली, आणि पलंगाच्या खणातून ऊम सारेलच्या लोकरी लांब विजारींचं एक लांबट गाठोडं काढलं. विजारीचा एक पाय सोडला तर त्यातून दस्ता निघाला, मधासारख्या लाकडाचा. दुसऱ्या पायातून नळ्या. जोडल्या तेव्हा असा आवाज झाला की जणू कुणी चांगल्या घरचं दार हळूच लावून घेतलं. बाहेर दोन घोडे, माना वळवून बसलेल्या पाखरांसारखे. मारिंडाने इतकी चित्रं बघितली होती. पण चित्रांना वजन नसतं. तिला उगाचच मिंकी पहिल्यांदा हातात दिली तेव्हाचं आठवलं.

"किंमत?" ती कुजबुजली.

"कोंबडे घेऊन जा," टान्नी म्हणाली. "मला ते आवरत नाहीत. आणि सारेलने मांडीवर खेळवलेली जित्राबं भांड्यात घालायला माझा हात धजत नाही. म्हातारे होऊन आपल्या मरणाने मरेपर्यंत सांभाळायचे. मेजरच्या तुऱ्याला थंडीत व्हॅसलीन. काठी-चिंधी काही नाही! कबूल असेल तर कागद झाल्यावर रायफल तुझी. त्याची नाही हं, तुझी. तू त्याला वापरायला दे."

मारिंडाने मान हलवली. मग पवनचक्कीखाली जाऊन नवऱ्याला सांगितलं. वरून बारेंदने लॉर्डकडे बघितलं, मग मेजरकडे.

"दोन्ही?" त्याने विचारलं.

"दोन्ही. शाबूत."

परवान्याच्या भानगडी आटोपून रायफल घरी यायला मोसम तोंडावर आला. पेटी मखमलीसकट मिळाली, तिला पिल्लांचा वास होता तो कायमचा. कोंबडे मात्र त्याच शनिवारी आले, दोन गाद्यांवर, गोणपाटाखाली, आणि मागून येणाऱ्या एका गाडीला मारिंडाने सवयीने हात दाखवून लांब ठेवलं.

त्यानंतर घरातलं जगणं बदललं. मेजर अपरात्री आरवायचा, लॉर्ड लागोपाठ, मिंकी त्यानंतर. अंगणातून गाडीपर्यंत जायचं म्हणजे बारेंदला मोहीम काढावी लागे. अंगणातल्या झाडाची एक खालची फांदी त्याच्या हातांनी गुळगुळीत झाली. हाऊफिकू खास बघायला यायचा आणि खुर्ची घेऊन बसायचा.

"पाठ फिरवू नकोस रे!" तो ओरडायचा. "म्हातारीने काय सांगितलंय? डोळ्यात बघ!"

"तू बघ की!"

"मला कुठे चावतोय!"

एके दिवशी मात्र झाडापर्यंत पोचायला वेळच मिळाला नाही, आणि बारेंद जागच्या जागी वळला आणि लॉर्डच्या डोळ्यात बघत उभा राहिला. लॉर्ड थांबला. मान तिरकी केली. मग आपल्याला मुळातच दुसरीकडे जायचं होतं अशा ऐटीत निघून गेला. बारेंदने ही गोष्ट सगळ्या गावाला सांगितली. दुसऱ्या दिवशी लॉर्डने त्याला गॅरेजच्या पत्र्यावर चढवलं, ते नाही सांगितलं.

मग तो कापरिवीला गेला, रायफल घेऊन. मारिंडा मागे राहिली. गॅस, विंचू, जाळी, श्वास. मेजर आरवला की ती जागीच असायची. पहिल्यांदाच त्या आवाजाने तिला बरं वाटायचं. कुणीतरी आणखी जागं आहे, असं.

गाडी परत आली तेव्हा ती व्हरांड्यात होती. पुढच्या सीटवर दोन टोप्या दिसल्या. दोन. तिने मिंकीला घट्ट धरलं.

हाऊफिकू आधी उतरला. चेहरा गंभीर होता, आणि तो गंभीर कधीच नसायचा.

"पोरी," तो म्हणाला, "रेडा आला होता. जखमी. पाहुण्याची गोळी वाकडी गेली आणि तो गवतातून सरळ आमच्यावर. झाड नव्हतं गं. मी शोधलं. आधी मी शोधलं, मग याने शोधलं. नव्हतंच."

"मग?"

"मग हा वळला. आणि बघत राहिला त्याच्या डोळ्यात, त्या कोंबड्याच्या बघतो तसा. डावा उडवला. रेडा आलाच. उजवा उडवला." हाऊफिकूने आपल्या बुटाकडे बोट दाखवलं, मग बुटाच्या जरा पुढच्या मातीकडे. "रेडा इथे कोसळला. जुनी रायफल असती तर खटका अजून ओढत असतो आम्ही. वरून."

मारिंडा मिंकीला घेऊन पायरीवर बसली. बारेंद गाडीतून उतरला नव्हता. तिला वाटलं, बिचारा हादरलाय, लाजतोय. तिने हात पुढे केला.

"ये ना," ती म्हणाली. "ये घरात."

"येतो गं," बारेंद काचेची फट जरा खाली करून म्हणाला. "तो गेला का बघ आधी."

लॉर्ड गाडीच्या दाराशी उभा होता. त्याच्यामागे, सावकाश, मेजर येत होता.

मारिंडा हसली, रडली, नाक पुसलं आणि झाडू आणायला उठली. मिंकी तिच्या कडेवरून वाकून दोघांना आळीपाळीने बोट दाखवत होती. "हान," ती मोजल्यासारखं म्हणाली. "हान."

"हो गं राणी," मारिंडा म्हणाली, "दोन्ही आहेत. आणि बाबापण आहे."